पान एकोणसाठ

पारोळ्यात पारा पंचेचाळिसावर असताना
निर्मात्याचा फोन येतो.
म्हणतो, तो प्राणी कसा दिसतो
ते एका ओळीत लिहून पाठव,
हैदराबादला ग्राफिक्सवाले खोळंबलेत.

एका ओळीत.
एकशे दहा कागद झाले पटकथेचे.
परकर खोचून निघालेली ती मुलगी उतरली,
तिची मुकी बहीण उतरली,
बारा वर्षांनी एकदाच उघडणारं दारही उतरलं
(त्याला आपल्या किल्ल्याची खंदकाकडची बाजू मिळाली,
प्लॅस्टिकच्या पिशव्या तेवढ्या आम्हीच उचलायच्या).
पण त्याच्यापाशी आलो की मी लिहितो
'प्राणी येतो.'
आणि पुढचं दृश्य सुरू करतो.

नगरवाचनालयातल्या प्रतीत
हे पान नव्हतंच.
अठ्ठावन्नाच्या तळाला
'आणि धुक्यातून हळूहळू बाहेर आला तो'
एकसष्टाच्या माथ्यावर
'ओला झालास की रे,' ती म्हणाली,
आणि परकराच्या घोळाने तिने त्याचं कपाळ पुसलं.
मधे शिलाईचा दोरा, दातेरी कड,
आणि समासात पुंडलिकअप्पा ग्रंथपालांची पेन्सिल:
पान नाही. पुढे वाचावे.

सगळं गाव पुढे वाचत गेलं.

मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून
एकेकाला शोधत फिरलो.
कौतिक टेलर काजं करता करता म्हणाला,
'तुटेल छत्रीना मायेक पंख व्हतात त्याले.'
सलमाबीला ओल्या घोंगडीचा वास आठवत होता,
बांगड्यांचा तोडा मनगटावर चढवता चढवता
तिने एकदा नाक उडवलं, तेवढंच.
भिला वायरमन खांबावरूनच ओरडला,
'तोंडच नव्हतं त्याले! तरी बोले!'
आणि धुळ्याला लेकीकडे राहणाऱ्या कुमुदबाई,
चहा गाळता गाळता थांबून,
'प्राणी? कुठला प्राणी?
धुक्यातून तिचे वडील आले ना परत?'

मी वहीत काहीच लिहून घेतलं नाही.
येताना एसटीत शेजारचा माणूस
डाळिंबांच्या खोक्यावर डोकं टेकून झोपला होता.

मग पुण्याहून नवी प्रत आली कुरिअरने.
एकोणसाठ आहे, साठ आहे.
शिंगं आहेत, आयाळ आहे, खाली रेघांचं चित्र आहे,
लिहिलंयही चांगलं, दोनदा वाचलं.
पण हा तो नव्हे.

आता सांगून टाकतो.
पान मी फाडलं होतं.
चौथीत, मे महिन्यात, वरचा पंखा कण्हत असताना
आणि पुंडलिकअप्पा बाकावर घोरत असताना.
आठ घड्या घालून कंपासपेटीत कोंबलं,
संध्याकाळी खंदकात टाकलं.
तो माझ्याकडे बघत होता म्हणून.
आठ वर्षांच्या पोराला दुसरं काय सुचणार?
कसा होता, ते आठवत नाही.
तळहाताला चिकटलेली शाई आठवते,
घरी येऊन राखेने घासलेले हात आठवतात,
आणि रात्री गच्चीवर सगळे ओळीने झोपलेले असताना
मी मधली जागा मागून घेतलेली.

अप्पांना ठाऊक असणार.
पुढच्या वेळी पुस्तक बदलायला गेलो
तर त्यांनी शिक्का मारला, चष्म्यावरून पाहिलं,
आणि भूगोलाचं काहीतरी हातात ठेवलं.

निर्मात्याचा परत फोन. परत.
शेवटी पाठवतो:
त्याचं कपाळ ओलं आहे. बाकी शोधतोय.

दहा मिनिटांत हैदराबादहून विचारणा येते,
अगदी कामापुरती, सभ्य:
ओलं म्हणजे धुक्याने, की घामाने?
त्याप्रमाणे चमक ठेवता येईल.

लाइट गेलेत.
मी रुमाल शोधतो.